करंडक

मांडीच्या हाडातला मगज आम्लात टाकला
की सगळं विरघळतं,
चरबी, रक्त, तेहतीस वर्षं.
तळाशी उरते काच.

केसाच्या जाडीत मावतील अशा डब्या,
प्रत्येकीला झाकण, झाकणावर नक्षी.
पाण्यातली ही शेवाळाची जात.
आपल्याकडे कुणा शास्त्रवाल्याने त्यांना नाव दिलं करंडक.
तार्तूच्या प्रयोगशाळेतल्या लेएलो रात्निकला
हे नाव ठाऊक नाही,
पण झाकण उघडावं तशीच ती
भिंगाची चकती फिरवते.

फेवरोन्याचा मुलगा एप्रिलात सापडला,
बर्फ फुटल्यावर, पेइप्सी सरोवराच्या काठाला,
लव्हाळ्यात, एका पायात बूट.
गाव म्हणालं, सरोवराने नेला.
दर दोन-चार वर्षांनी नेतंच ते कुणाला.
फेवरोन्याने दोन बोटांनी क्रूस केला
आणि सरोवराशी बोलणं टाकलं.
खिडकीला आतून पोतं ठोकलं.
साठ पावलांवर एवढं पाणी पसरलेलं असताना
कांद्याच्या वाफ्यांना विहीर उपसली.
मासळीला हात लावला नाही.

बुडताना जो जिवंत असतो
त्याच्याच हाडात पाणी पोचतं.
शेवटच्या श्वासांबरोबर ते आत येतं
आणि हृदय, बिचारं सवयीचं गुलाम,
ते घरोघरी वाटतं:
यकृताला, मूत्रपिंडाला, मगजाला.
मेल्यावर ढकललेल्याचं हाड कोरडं राहतं.

पूर्वी लेएलो हे डोळ्यांनी मोजायची,
एका हाडाला नऊ दिवस, मान आखडायची.
आता यंत्र मोजतं.
त्याला बारा हजार चित्रं शिकवलीत,
निम्मी तिनेच काढलेली.
चहा निवायच्या आत ते म्हणालं:
दोनशे चौदा डब्या,
त्यातल्या एकशे नव्वद धनुष्याच्या आकाराच्या.
सरोवराशी जुळणी: नाही.

नाही?
तिने पुन्हा टाकलं.
नाही.
मग यंत्र बंद करून तिने जुनं भिंग पुसलं.
धनुष्य. धनुष्य. एक फुटकी कड. धनुष्य.
ही आंबट पाण्यात वाढतात,
दलदलीच्या तपकिरी पाण्यात,
जळणासाठी काळी माती खणून चर सोडलेत, तिथल्या.
तसा चर आहे, काठापासून एकोणीस किलोमीटर आत.
बुटाच्या आतल्या गाळातले जनुकांचे तुकडेही
त्याच चराकडे बोट दाखवू लागले.
तिथे तो बुडाला, जिवंत.
इथे आणला गेला.

कुणी आणला, हे काचेला माहीत नाही.
पोलीस दोघा भावांकडे गेले, त्यांची गाडी ओढून नेली.
खटला चालेल. वकील उठून विचारेल,
यंत्र चुकत नाही कशावरून?
आणि लेएलोला सांगावं लागेल, चुकतं,
शंभरात तीनदा.

पण सांगायचं होतं ते फेवरोन्याचं.
अहवाल घेऊन लेएलो स्वतः गेली. तसा नियम नाही.
टांगलेल्या कांद्याच्या वेण्यांखाली बसून
तिने सगळं सांगितलं, डब्या, धनुष्यं, चर.
म्हातारीने मारेकऱ्याचं नाव विचारलं नाही.
म्हणाली, म्हणजे सरोवर नाही?
सरोवर नाही.
पुन्हा सांग.
सरोवर नाही.

खिळे उपसायला पक्कड सापडेना,
तिने पोतं हातानेच ओढून फाडलं.
तशीच अनवाणी साठ पावलं चालत गेली,
गुडघाभर पाण्यात उभी राहिली,
आणि उगाच आळ घेतलेल्या शेजारणीच्या दारात
उभं राहावं तशी
बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली.

काय, ते लेएलोला ऐकू आलं नाही.
एवढंच दिसलं, की शेवटी वाकून
तिने ओंजळ भरली
आणि प्यायली.

प्यालेलं पाणी हाडापर्यंत जात नाही,
लेएलोला हे पक्कं ठाऊक होतं.
तरी काठावर उभी राहून
तिने मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली.